ग्लासांवरचा पांढरा थर

डिशवॉशरमध्ये धुतलेल्या ग्लासांवर पांढरा थर येत असेल तर दर आठवड्याला रिकाम्या मशीनमध्ये व्हिनेगर फिरवा, असं काहीजण सुचवतात. थर निघतो हे खरं, पण काही दिवसांत परत येतो, आणि व्हिनेगरच्या सततच्या माऱ्याने रबरी सील खराब होतात. त्यापेक्षा एकच ग्लास अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून बघा. पांढरेपणा गेला तर ते क्षार आहेत. तसाच राहिला तर काचच झिजली आहे, ती परत चकाकणार नाही.

क्षार असतील तर मशीनच्या आत बसवलेल्या सॉफ्टनरकडे, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या भागाकडे वळा. नुसतं मीठ भरून भागत नाही, पाण्याच्या जडपणाचं सेटिंगही जुळावं लागतं. बोअरवेल किंवा टँकरचं पाणी असताना हे सेटिंग कमीवर असेल तर सॉफ्टनरमधलं रेझिन (क्षार धरून ठेवणारे बारीक मणी) पुरेशा वेळा मिठाच्या पाण्याने धुतलं जात नाही. खूण अगदी साधी: रोज मशीन लावूनही महिनोन् महिने मीठ संपतच नाही. टेस्ट स्ट्रिपने (पाण्यात बुडवून जडपणा दाखवणाऱ्या पट्टीने) पाणी तपासा आणि मॅन्युअलमधल्या तक्त्याप्रमाणे आकडा वाढवा. मीठ डिशवॉशरचंच, जाड दाण्याचं घ्या. जेवणातल्या बारीक मिठाचा गोळा होतो. भरताना सांडलेलं मीठ पुसून लगेच एक प्रोग्रॅम चालवा, नाहीतर स्टीलच्या तळाला गंज धरतो. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर सुरू झाले की पाणी पुन्हा तपासा.