दाब कमी करू नका, नळी लांब करा
घरच्या बारमध्ये पिंपातली बिअर नळाने ओतताना पेल्यात नुसता फेस येत असेल तर ती ढकलणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा दाब कमी करावा, हा सल्ला मला पटत नाही. दाब उतरवला की बिअरमध्ये विरघळलेला वायू नळीतच सुटू लागतो, फेस वाढतो आणि काही दिवसांत बिअर निस्तेज होते. न्यू जर्सीतल्या आमच्या तळघरात जुन्या फ्रिजमध्ये पिंप ठेवून बार उभारला तेव्हा खरा दोष पिंपापासून नळापर्यंतच्या नळीच्या लांबीत निघाला. तीन फुटांच्या नळीऐवजी ३/१६ इंच आतील व्यासाची दहा फुटांची नळी बसवली, तापमान ३ ते ४ अंश सेल्सिअस आणि दाब १२ पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड) ठेवला, तेव्हा फेस बोटभरच उरला. पहिला पेला मात्र तरीही फेसाळत असे, कारण काउंटरवरचा नळाचा खांब फ्रिजबाहेर, खोलीच्या उष्णतेत असतो. त्यात फ्रिजमधली थंड हवा सोडणारा छोटा पंखा अवश्य बसवावा.