सॅक्सवर जॅझ शिकायचा तर आधी कान की आधी कॉर्ड?

काळी_दोन (आर्वी, जि. वर्धा)

भांडण लागावं म्हणूनच धागा काढतोय, आधीच सांगतो.

मामांची बँडपार्टी होती. आधी धुमाल आलं, मग डीजे आला, पार्टी बसली. ढोल विकले, लाल कोट बुजगावण्यांना चढले आणि एक आल्टो सॅक्सोफोन तेवढा माळ्यावर राहिला. मागच्या दिवाळीत तो खाली काढला, दोन गळके पॅड नागपुरातून बदलून आणले. तेव्हापासून रोज संध्याकाळी धुऱ्यावर जाऊन वाजवतो. घरी वाजवलं की म्हैस पान्हा चोरते असं आईचं म्हणणं.

गाणी निघतात. पण मला वाजवायचा आहे जॅझ. मूळ धून एकदा सांगून झाली की तिच्याच चौकटीत तिथल्या तिथे नवं रचत जायचं, ज्याला ते लोक इम्प्रोव्हायझेशन म्हणतात, ते. त्यासाठी शहरातला एक ऑनलाइन क्लास लावला. तीन महिने काय केलं? मेजर, मायनर, डॉमिनंट अशा कॉर्ड (म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर), बाराही सुरांवरून पाठांतर. पाढेच ते. मनातली एक ओळ वाजवली नाही. सोडला.

माझं मत असं की आपल्या पोरांना कॉर्ड पाठ करायची गरजच नाही. लहानपणापासून भजनात बसलोय, कान तयार आहे. जॅझच्या आल्टोवाल्या चार्ली पार्करचं बघा. कॅन्सस सिटीत पोरवयात जॅममध्ये, म्हणजे वादकांच्या खुल्या बैठकीत, वाजवायला उभा राहिला आणि इतका चुकला की ड्रमवाल्या जो जोन्सनं त्याच्या पायाशी झांज फेकली म्हणतात. मग तो एका उन्हाळ्यात सॅक्सवाल्या लेस्टर यंगच्या रेकॉर्ड घेऊन डोंगरात गेला आणि त्याचे सोलो ऐकून-ऐकून घोटले. ट्रम्पेटवाला चेट बेकर तर सगळं कानानंच वाजवायचा. ऐका, तोंडानं म्हणा, मग वाजवा. बाकी थिअरी हा क्लासवाल्यांचा धंदा आहे.

मारा दगड.

बँडवाला_काका (दारव्हा)

भाऊ, तू बोलला ते सोळा आने खरं हाय. मी 26 वर्सं क्लॅरोनेट वाजोलं. वरातीत नोटेशन कोन पाह्यते? नवरदेवाचा दोस्त नोट हलवत येते आन् म्हनते हे वाजवा. ते गानं आपन जन्मात वाजोलं नसते. पह्यली ओळ कच्ची जाते, दुसरी बरी, तिसऱ्या बारीले त्याच्यात आपलं घालून मोकळं. तुमी इंप्रो का काय म्हनता ते आमी पोटासाठी करत होतो.

आन् मे महिन्यातली दुपारची वरात असली का वाद्य आपोआप वर चढते. बॅरल ओढून ओढून सूर खाली आना लागते. हे कोन्त्या पुस्तकात शिकवते?

पांढरी_एक (नागपूर, गाव मूल)

काळी_दोन दादा, साफ असहमत. काकांचा अनुभव मोठा आहे, पण ते वेगळ्या गोष्टीबद्दल बोलताहेत.

कान लागतोच. पण आपला कान कशावर तयार झालाय? भजनात पेटीवाला एक सा धरून बसतो आणि रात्रभर तो सा हलत नाही. त्याच्या आधारानं आपण कुठेही हिंडून परत येतो. जॅझमध्ये खालचा आधारच दर चार-आठ मात्रांनी जागा बदलतो. खाली बैल वळले आणि तुम्ही नाकासमोर चालत राहिलात तर तास वाकडं जाणारच. तुमच्या आलापाचा तिथे दोष नाही, आलाप फक्त चुकीच्या शेतात आहे.

सगळ्यात सोपी चौकट घ्या, बारा बारचा ब्लूज. एका बारमध्ये चार मात्रा, म्हणजे एकूण 48. आपल्या भाषेत तीनतालाची तीन आवर्तनं. पहिलं अख्खं आवर्तन खाली सा ची कॉर्ड. दुसऱ्यात आधी आठ मात्रा म ची, उरलेल्या आठ परत सा ची. तिसऱ्यात चार मात्रा प ची, चार म ची, शेवटच्या आठ सा ची. संपलं. इतकंच पाठ करायचं असतं, आणि हे पाठांतर पेटीवाल्या कुणालाही एका चहात होतं.

आता आल्टो हातात घ्या. तुमचा जी हा सा धरा, म्हणजे पेटीवरची काळी पाच. डाव्या हाताची एकटी तर्जनी दाबली की बी वाजतो, तो तुमचा शुद्ध गंधार. पहिलं आवर्तन फक्त तोच एक सूर लयीत वाजवा, दुसरा नाही. पाचवा बार सुरू होताना तीच तर्जनी केसभर खाली सरकवा, म्हणजे बी आणि तिच्या खालची बारकी बिस कळ दोन्ही एकदम दबतील. बी फ्लॅट आला, कोमल गंधार. खाली म ची कॉर्ड आलेली असते आणि तिच्या पोटात हा कोमल गंधार असतोच. एका बोटाच्या सरकण्यानं खालची जमीन बदललेली ऐकू येते. हे एकदा कानाला लागलं की कॉर्ड म्हणजे पाढे वाटत नाहीत. तुमच्या क्लासवाल्यानं बारा सुरांवरून पाठ करायला लावण्याआधी हे एवढं दाखवायला हवं होतं, तो राग मला मान्य.

आणि पार्करची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितली. त्याच उन्हाळ्यात तो बँडमधल्या पियानो-गिटारवाल्यांकडून कॉर्डही शिकला, असं त्याचे चरित्रकार सांगतात. 1954 मध्ये रेडिओवरच्या गप्पांत तो स्वतः म्हणाला की तीन-चार वर्षं रोज 11 ते 15 तास रियाज केला. नुसतं ऐकून झालं असतं तर इतके तास कशाला लागले असते?

कोमल_गंधार (मोर्शी)

मी बासरी वाजवतो, भजनी मंडळात. ताई, तुम्ही जे सांगितलं तो तर जोग राग झाला! दोन्ही गंधार, निषाद कोमल. म्हणजे ब्लूज आपल्याकडे होताच की.

पांढरी_एक

दादा, याच वाक्याची भीती होती :) जोगात कोणता गंधार कधी हे चढताय की उतरताय यावर ठरतं. चढताना शुद्ध, उतरताना कोमल. ब्लूजमध्ये ते खाली कोणती कॉर्ड चालू आहे त्यावर ठरतं. तुम्ही जोगाच्या चालीनं वाजवलंत तर सुरुवात झकास होईल. पाचव्या बारमध्ये सवयीनं चढताना शुद्ध गंधार लावाल आणि तो खालच्या कोमल गंधाराशी असा भिडेल की खाली कॉर्ड वाजवणारा थांबून तुमच्याकडे बघेल. सूर तेच असले तरी कायदा वेगळा.

कोमल_गंधार

बरं. पण मग जॅझमध्येही एकाच सुरावळीत फिरणारा प्रकार आहे ना? ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसचा 1959 चा अल्बम ‘काइंड ऑफ ब्लू’. त्यातली पहिलीच रचना डोरियनमध्ये आहे, म्हणजे आपला काफी थाट. माझ्या बासरीला तेच परवडतं. सहा भोकं, अर्ध्या बोटांवर सगळा कारभार. बारा पट्ट्यांत पळायचं तर बारा बासऱ्यांचा भाता लागेल.

पांढरी_एक

ती रचना काफीच आहे, खरं. पण 32 बारांत पहिले 16 एका सा वर, मग आठ बार सगळंच अर्ध्या सुरानं वर, मग परत खाली. म्हणजे तिथेही सा हलतोच, दर चार मात्रांनी हलत नाही एवढंच. तुमच्यासाठी सुरुवात म्हणून उत्तम. मधल्या आठ बारांना दुसरी बासरी जवळ ठेवा.

शंकेखोर (वणी)

इथे सोयाबीन व्यापाऱ्याच्या काट्यावर हमीभावाच्या खाली जाऊन राहिलं आणि तुमचं काय चालू आहे, तर पाचव्या बारमध्ये बोट सरकवा.

बरं, विनोद सोडा. खरा प्रश्न विचारतो. जॅझच कशाला? कद्री गोपालनाथांनी काय केलं? वडील नागस्वरम वाजवायचे, पोरानं म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्यावर कर्नाटक संगीत बसवलं. गमक, म्हणजे सुराचा हेलकावा, निघावी म्हणून वाद्याच्या कळांत बदल करून घेतले. 2004 मध्ये पद्मश्री. परक्याचं वाद्य घेतलं पण गाणं आपलं ठेवलं. तुम्ही वाद्यही त्यांचं घेता आणि गाणंही त्यांचंच. आर्वीच्या धुऱ्यावर ऐकणार कोण, म्हैस?

काळी_दोन

म्हैस ऐकते, फक्त दूध देत नाही.

शंकेखोर भाऊ, परकं-आपलं इतकं सरळ नसतं. 1930 च्या दशकात मुंबईच्या ताजमध्ये अमेरिकेहून आलेले काळे वादक जॅझ वाजवत होते. त्यांच्या शेजारी बसून गोव्याचे वादक ते शिकले आणि पुढे तेच लोक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. आर. डी. बर्मनच्या गाण्यांत मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन आहे, आणि काका ती गाणी वरातीत वाजवतच होते. म्हणजे जॅझचा गूळ दारव्ह्याच्या वरातीत कधीचा विरघळलाय. कद्री स्वतः पुढे अमेरिकेतल्या रुद्रेश महंतप्पांबरोबर वाजले, आणि तो तर जॅझचाच आल्टोवाला.

पांढरी_एक ताई, तुमचं उद्या धुऱ्यावर करून बघतो. पण मत बदललं असं समजू नका.

बँडवाला_काका

म्हशीले जास्त काई म्हनू नका, तिचा कान आपल्याहून बरा असते.

झाडीतला_ऑर्गन (वडसा)

इतका वेळ वाचत होतो, आता राहवेना. मी झाडीपट्टीच्या नाटकांत ऑर्गनवर असतो, दिवाळी ते होळी. फुंकीचं वाद्य माझं नाही, पण तिथल्या तिथे रचायचं काम रोजचं आहे.

तुम्ही दोघंही सूर कोणता यावर भांडताय. माझ्या मते अडतं ते तिथे नाही. मागच्या हंगामात एका गावी नायकाच्या फेट्याची पिन सापडेना. मला विंगेतून बोट फिरवून दाखवलं, चालू ठेवा. चार मिनिटं मी आणि तबलेवाला. सूर मिळत गेले, सूर काय मिळतातच. पण नायक आत पाऊल टाकतो त्या क्षणी आपलं वाक्य पुरं झालेलं पाहिजे, शेपूट लोंबता कामा नये. माझं लोंबलं. रात्री दोन वाजता भरलेल्या मांडवात लोक हसले, आणि प्रसंग मरणाचा होता.

भरत जाणं कुणालाही जमतं, थांबणं शिकावं लागतं. आणि इथे फुंकीवाल्यांना फायदा आहे, कारण तुमचा दम संपतो. माझ्या ऑर्गनचा भाता पायाखाली असतो, तो मला थांबायला सांगतच नाही. तुमचा श्वास जिथे संपतो तिथे वाक्य संपवा. आमच्या शेजारचे सनईवाले गालात हवा धरून नाकानं श्वास घेतात आणि सूर तुटू देत नाहीत. सनईत ते शोभतं. सॅक्सवाल्या पोरानं ती युक्ती लवकर शिकू नये, नाहीतर तोही माझ्यासारखा न थांबणारा होईल.

पांढरी_एक

हे पटलं. माझे सर दोन बार वाजव, दोन बार गप्प बस असं करायला लावायचे. गप्प असतानाही बार मनात मोजायचे. वाजवण्यापेक्षा ते अवघड गेलं होतं.

काळी_दोन

करून आलो. तीन संध्याकाळी.

फोनवर ब्लूजचा लूप लावला, तीनतालासारखं बोटांवर मोजलं. पहिल्या दिवशी पाचव्या बारला बोट सरकवायचं विसरलो. बी तसाच वाजत राहिला आणि खाली म ची कॉर्ड आली. दात आंबावे तसं झालं, मान्य करतो. दुसऱ्या दिवशी घाईत उलटी चूक केली. चौथ्याच बारमध्ये, खाली अजून सा ची कॉर्ड चालू असताना, बोट सरकून कोमल गंधार लागला. आणि ताई, ते वाईट वाटलं नाही! उलट मजा आली, कुणीतरी उसासा टाकावा तसं. मग मुद्दामच तिथे लावला.

आता सांगा. कॉर्डप्रमाणे तो सूर तिथे बसत नाही, कान म्हणतो चालतो. कोण जिंकलं?

पांढरी_एक

तो ब्लू नोट आहे हो. ब्लूजचा अर्धा जीव त्यातच. सा च्या कॉर्डवर कोमल गंधार चालतो, पण म च्या कॉर्डवर शुद्ध गंधार ठाण मांडून बसला तर सोसत नाही. एक दार एकाच बाजूनं उघडतं. आणि तुम्हाला हे कळलं ते कोणत्या बारमध्ये खाली काय आहे हे माहीत होतं म्हणूनच ना? नाहीतर नुसतं काहीतरी बरं वाजलं म्हणून पुढे गेला असतात.

काळी_दोन

आधी वाजलं, मग कळलं. क्रम बघा.

शंकेखोर

हे कोर्टात न्या आता.

बँडवाला_काका

मीबी पाह्यलं काल. काळी पाच म्हंजे माह्या क्लॅरोनेटचा सी, तुह्या आल्टोचा जी, म्हंजे सा आपला एकच झाला. पन तुह्यं एक बोट सरकते, मले तिथं उजव्या हाताचं बोट लावा लागते. आन् सॅक्सवर वरच्या सप्तकात बोटं तेच राह्यते, आमचं वाद्य उडी मारते ते सा वरून थेट तार पंचमावर जाते, म्हून वरती सगळी बोटं नवी. दोन दिवस लागले मले. 26 वर्सांत पह्यल्यांदा मोजून वाजोलं, बायको म्हने तब्येत बरी हाय ना?

पोट्ट्या, आयतवारी सॅक्स घेऊन ये दारव्ह्याले. वडसावाल्याचं म्हननं धरून दोन बार तू, दोन बार मी. लूप-बीप नको, पेटीवाला माह्या वळखीचा हाय, त्याले सा-म-प कवा बदलाचं ते कागदावर लिहून देतो.

काळी_दोन

म्हणजे काका, कॉर्ड लिहून देणार?

बँडवाला_काका

पेटीवाल्याले रे. मी नाही पाह्यत कागद.