पार्टोग्राफ भरायचा की बाईकडे बघायचं?

रातपाळी: लेबर रूममध्ये अठरा वर्षं काढलीत, म्हणून बोलते. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, दहा मिनिटांत किती कळा, प्रत्येक किती सेकंद टिकली, दर चार तासांनी आतून तपासणी, डोकं पोटावरून किती लागतंय, सगळं पार्टोग्राफच्या कागदावर, म्हणजे बाळंतपण कसं पुढे सरकतंय त्याच्या तक्त्यावर, हवं. आणि तिघी एकदम कळा देत असल्या की अर्धे पार्टोग्राफ बाळंतपण उरकल्यावर भरले जातात. मग गर्भाशयाचं तोंड उघडण्याची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी येते, तासाला बरोबर एक सेंटिमीटर! बाई बोलता बोलता गप्प होते, घशातला आवाज बदलतो, ते मला आधी कळतं. त्याला रकाना कुठाय?

टिंबरेघ: उशिरा भरला हा दोष कागदाचा कसा? फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी १९७२ मध्ये ऱ्होडेशियात (आताचं झिम्बाब्वे) तासाला एक सेंटिमीटरची सावधानतेची रेघ आखली आणि तिच्या उजवीकडे चार तासांवर कृतीची. पहिली ओलांडली की लांबच्या केंद्रातल्या सुईणीने बाईला मोठ्या रुग्णालयात हलवायचं. त्यासाठी अठरा वर्षांचा अनुभव लागत नाही, हीच तर गंमत. आग्नेय आशियात ३५ हजारांवर बाळंतपणांत वापरून पाहिला, १९९४ मध्ये निष्कर्ष आले: रेंगाळलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ वर.

रातपाळी: ती तासाला एक सेंटिमीटरवाली रेघ जागतिक आरोग्य संघटनेनेच २०१८ मध्ये मोडीत काढली की. सगळ्याच बायका त्या वेगाने उघडत नाहीत. शिवाय मोजायचं दोन बोटांनी. माझे पाच ते तुझे सहा.

टिंबरेघ: रेघ गेली, नोंद नाही गेली. संघटनेच्याच २०२० च्या नव्या तक्त्यात प्रत्येक सेंटिमीटरला वेगळी मर्यादा आहे: पाचला सहा तास, नऊला दोन. सोबत कोणी आहे का, पाणी प्यायली का, कुठल्या स्थितीत आहे, यालाही रकाने आहेत. तुमची अर्धी तक्रार तिथेच मिटते.

खाटेवरची: मी तपासून घेणाऱ्यांतली. चार तासांनी म्हणता ना? माझी पाच तासांत चौघींनी तपासणी केली, कारण आधीचीने काय पाहिलं ते कुठेच नव्हतं. एकीने तळहातावर पेनाने '६, ३.४०' लिहिलं होतं. पुढच्या खाटेकडे जाताना हात धुतले, गेलं. पुन्हा मोजे, पुन्हा 'पाय सैल सोडा हं ताई'. तुमचा वाद कागद की बाई असा चाललाय. कागद नव्हता म्हणून त्रास मलाच झाला.

रातपाळी: तळहातावर मीही लिहिते, खोटं कशाला बोलू. पण एका हाताने ठोके ऐकायचे, दुसरा हात पोटावर कळ मोजायला, तर लिहायचं कुठल्या हाताने? पाळीत दुसरी माणूस द्या, मग वेळच्या वेळी भरेन.

टिंबरेघ: त्या मागणीवर पहिली सही माझी. तोवर निदान वेळ तरी खरी टाका. साडेतीनला पाहिलं आणि सहाला लिहिलं, तर 'सहाला लिहिलं' हेही लिहा.