‘फॉरेव्हर केमिकल्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (कोथरूड)

राष्ट्रीय विज्ञान दिनासाठी आमच्या सोसायटीत लावायचा एक फलक मी लिहीत आहे. विषय ‘फॉरेव्हर केमिकल्स’, म्हणजे निसर्गात सहसा न विघटणारी पीएफएएस गटातील मानवनिर्मित रसायने, हा असून शीर्षकापाशीच अडलो आहे. हे नाव तसे अलीकडचे आहे. हार्वर्ड विद्यापीठातील जोसेफ ॲलन यांनी २०१८ साली एका वृत्तपत्रातील लेखात ते वापरले आणि ते रुळले. त्यात एक कोटीही दडलेली आहे: इंग्रजी नावातील दोन शब्दांची आद्याक्षरे एफ आणि सी, म्हणजेच फ्लोरिन आणि कार्बन यांच्या संज्ञा. या पदार्थांचा सगळा चिवटपणा त्या दोन मूलद्रव्यांमधील बंधातून येतो. कोटी मराठीत आणता येणार नाही हे मान्य आहे, पण निदान अर्थ उलटा होऊ नये एवढीच अपेक्षा आहे. मी प्रथम ‘शाश्वत रसायने’ असे लिहिले, तेव्हा घरातूनच विचारणा झाली की ही पर्यावरणाला चांगली असणारी रसायने आहेत का. शाश्वत विकास, शाश्वत शेती हे शब्द कानांवर इतके पडले आहेत की त्या विशेषणाला आता हिरवा रंगच चढला आहे. ‘अक्षय’ म्हटले तर अक्षय ऊर्जा आठवते, आणि ‘चिरंजीव’ म्हटले तर थेट लग्नपत्रिका. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

उत्तर (सदाशिव पेठ)

आपली अडचण विशेषणापुरती नाही, विशेष्यातही आहे. मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले, आणि ‘रसायन’ या शब्दाचे हे दुहेरी वागणे मला नेहमीच मौजेचे वाटत आले. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एकाचे नाव रसायन आहे, आणि जे म्हातारपण व व्याधी दूर ठेवते ते रसायन, अशी त्याची व्याख्या आहे. च्यवनप्राश हे त्या अर्थाने रसायनच. त्यामुळे ‘अमर रसायन’ किंवा ‘चिरंतन रसायन’ असे लिहिले की वाचकाच्या मनात विषाऐवजी अमृत उभे राहते. आपल्या भाषेत न संपणाऱ्या गोष्टींसाठी जे शब्द आहेत, ते बहुतेक देवघरातून किंवा आशीर्वादातून आलेले आहेत. अविनाशी म्हटले की आत्मा आठवतो. न संपणे हा शाप असल्याचे उदाहरण आपल्याकडे जवळजवळ एकच आहे, आणि ते म्हणजे भळभळती जखम घेऊन फिरणारा अश्वत्थामा. पण फलकावर ‘अश्वत्थामा रसायने’ लिहा, असे मी सुचवणार नाही.

माझे मत ‘चिवट रसायने’ या नावाला आहे. तुटता तुटत नाही ते चिवट, हा त्या शब्दाचा साधा अर्थ रसायनशास्त्रालाही तंतोतंत लागू पडतो. कार्बनी संयुगांमधील एकेरी बंधांत कार्बन आणि फ्लोरिन यांचा बंध सर्वांत बळकट मानला जातो; सूर्यप्रकाश, पाणी आणि सूक्ष्मजीव या निसर्गाच्या नेहमीच्या सफाई कामगारांना तो सहसा तोडता येत नाही. याच गुणामुळे तव्याला डोसा चिकटत नाही, रेनकोटवरून पाणी ओघळते, आणि तेलाच्या आगीवर मारलेला फेस टिकून राहतो. याच गुणामुळे तो फेस जमिनीत उतरला की भूजलातही टिकून राहतो.

औपचारिक मजकुरात मात्र ‘दीर्घस्थायी’ हे विशेषण वापरावे. अशा टिकाऊ प्रदूषकांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारातील वर्गाचे भाषांतर काही जण ‘दीर्घस्थायी सेंद्रिय प्रदूषके’ असे करतात, ते टाळावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. सेंद्रिय म्हटले की लोकांना शेणखत आणि महागडा गूळ आठवतो. पाठ्यपुस्तकात ‘कार्बनी संयुगे’ असा शब्द आहेच, तेव्हा ‘दीर्घस्थायी कार्बनी प्रदूषके’ म्हणावे. आपल्या फलकावरील रसायनांपैकी पीएफओएस आणि पीएफओए ही दोन सर्वांत परिचित; या करारात पीएफओएस २००९ मध्ये आणि पीएफओए २०१९ मध्ये समाविष्ट झाले.

उत्तर (कसबा पेठ)

बाईंच्या सूचनेवर एक आक्षेप नोंदवतो. चिवट हा शब्द कौतुकाचाही आहे. चिवट फलंदाजी, चिवट झुंज असे आपण अभिमानाने म्हणतो. तरीही ‘चिवट डाग’ हा प्रयोग घरोघरी परिचित असल्यामुळे रसायनाच्या जोडीने तो वाईट अर्थानेच वाचला जाईल, असे वाटते.

उत्तर (औंध)

मी व्यवसायाने अनुवादक असून आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणण्याचे काम करते. नावाइतकाच घोटाळा पुढच्या ओळींत होतो, म्हणून तीन शब्दांविषयी लिहिते.

पहिला शब्द ‘संपर्क’. इंग्रजीत जिथे एक्स्पोजर असते तिथे आपण बेलाशक ‘रसायनांच्या संपर्कात येणे’ लिहितो, आणि वाचक समजतो की हात लावू नये, हातमोजे घालावेत. प्रत्यक्षात सामान्य माणसाच्या बाबतीत ही रसायने मुख्यतः पाण्यावाटे आणि अन्नावाटे पोटात जातात. तेव्हा ‘शरीरात जाणे’ असे स्पष्ट लिहावे. शरीरात गेल्यावर ती डीडीटीप्रमाणे चरबीत साठत नाहीत. रक्तातील प्रथिनांना चिकटून राहतात आणि यकृत व मूत्रपिंडांत आढळतात. त्यांपैकी काहींचे प्रमाण निम्म्यावर यायला माणसाच्या शरीरात काही वर्षे लागतात, म्हणून रोजचा थेंबभर भरणा आणि वर्षांनी होणारा निचरा असा तो हिशेब आहे.

दुसरा शब्द ‘संभाव्य’. अमेरिकेतील पार्कर्सबर्ग या गावाजवळच्या कारखान्यातून पीएफओए पाण्यात गेले, तेव्हा न्यायालयीन तडजोडीनुसार नेमलेल्या तीन तज्ज्ञांच्या पथकाने सुमारे ६९ हजार रहिवाशांच्या माहितीवरून सहा विकारांशी त्याचा संबंध असल्याचे म्हटले: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेले कोलेस्टेरॉल, मोठ्या आतड्याचा व्रणयुक्त दाह आणि गरोदरपणातील उच्च रक्तदाब. हा संबंध ‘संभाव्य’ आहे असे मराठीत लिहिले तर ‘असेलही, नसेलही’ असा अर्थ निघतो. पथकाला अभिप्रेत असलेला अर्थ ‘नसण्यापेक्षा असण्याची शक्यता अधिक’ असा होता. ‘बहुधा’ हा आपला जुना शब्द येथे चपखल बसतो.

तिसरी जोडी ‘धोका’ आणि ‘जोखीम’ यांची. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०२३ मध्ये पीएफओएला मानवात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले, आणि पीएफओएसला ‘कदाचित’ या खालच्या गटात. ही वर्गवारी पुरावा किती पक्का आहे हे सांगते. किती मात्रेने किती जणांना रोग होईल हे सांगत नाही. पदार्थाच्या अंगी असलेला तो धोका, आणि आपल्या पेल्यातून जी ओढवते ती जोखीम, असा भेद पाळला तर वाचकाला उगाच घबराटही वाटणार नाही आणि खोटा दिलासाही मिळणार नाही.

उत्तर (सिंहगड रस्ता)

पाण्याच्या कामात आयुष्य गेलेल्या माणसाची ही भर आहे. अमेरिकेने एप्रिल २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्यातील पीएफओए आणि पीएफओएस यांची प्रत्येकी मर्यादा लिटरला ४ नॅनोग्रॅम अशी ठरवली. नॅनोग्रॅम हा शब्द फलकावर कोणालाही कळणार नाही, म्हणून पुणेरी मोजमाप देतो. आपले खडकवासला धरण भरल्यावर १.९७ टीएमसी, म्हणजे सुमारे ५,५८० कोटी लिटर पाणी होते. त्या सगळ्या पाण्याला ही मर्यादा गाठायला लागणारे रसायन सुमारे २२३ ग्रॅम, पाव किलोहूनही कमी. हे केवळ गणित आहे. खडकवासल्याच्या पाण्यात ते आहे असा अर्थ कृपया कोणी काढू नये.

नावासाठी माझ्याकडे आणखी एक सूचना आहे. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा आम्ही गावोगाव भिंतींवर रंगवून घेतली. जिरणे या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: जमिनीत मुरणे आणि पोटात पचणे. ही रसायने पहिल्या अर्थाने जिरतात, दुसऱ्या अर्थाने जिरत नाहीत, आणि सगळी गोम तिथेच आहे. म्हणून फलकावर ‘चिवट रसायने’ लिहून खाली ‘मुरतात, पण जिरत नाहीत’ अशी ओळ घालावी. पाणी उकळून ती जात नाहीत, उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते, हेही लिहावे, कारण आपल्याकडे कोणत्याही शंकेवर उकळणे हाच घरगुती तोडगा असतो. सक्रिय कोळशाची गाळणी वेळच्या वेळी बदलली तर ती बरीच अडवते. आरओ यंत्रही त्यांना अडवते, पण अडवलेला माल त्याच्या टाकाऊ पाण्याबरोबर मोरीतून पुढे मुठा नदीत जातो.

प्रश्नकर्ता (कोथरूड)

सर्वांचा आभारी आहे. शीर्षक ‘चिवट रसायने’ असे ठरवले असून ‘संपर्क’ सर्वत्र काढून टाकला आहे, आणि खडकवासल्याचे गणित चौकटीत घेतले आहे. एक शंका मात्र उरली. आरओच्या त्या टाकाऊ पाण्याला आमच्याकडे सगळे ‘वेस्ट वॉटर’ म्हणतात आणि ते झाडांना घालतात. ‘सांडपाणी’ म्हटले तर ते गटाराचे वाटते आणि ‘टाकाऊ पाणी’ फारच पुस्तकी. नेमका शब्द कोणाला सुचतो का?

उत्तर (सिंहगड रस्ता)

आमच्या घरी त्याला ‘मशीनचं उरलेलं पाणी’ म्हणतात. फलकावर ‘आरओचे उरलेले पाणी’ एवढे पुरे.