मदत हवी: काकडीवरच्या लाल भुंगेऱ्यांच्या जोड्या वेचून उपयोग आहे का?

नमस्कार मंडळी. घरामागे तीन गुंठ्यांत काकडी, दुधी, लाल भोपळा लावलाय. रोपं दोन पानांवर होती तेव्हाच लाल भुंगेरे आले, पानांची पार चाळण केली. शेजारच्या कारल्याकडे मात्र ढुंकूनही बघत नाहीत.

ऊन चढायच्या आत ते सुस्त असतात, तेव्हा साबणपाण्याच्या डब्यात पाडतो. बऱ्याचदा नर मादीच्या पाठीवर आणि मादी खाली निवांत पान कुरतडत असते (संसार आणि जेवण एकदमच!). जोडी मोडली की अंडी थांबतील या हिशोबाने मी फक्त जोड्याच पाडत होतो, एकटे सोडून द्यायचो. तीन आठवडे झाले, भुंगेरे आहेत तेवढेच. एकदा जुळलेल्या मादीला पुन्हा नर लागतो का? आणि पानांखाली अंडी शोधून थकलो, घालते कुठे? फुलांवर मधमाश्या आहेत, फवारणी नको.

रानवेल: दादा, एकटी मादी सोडलीत तिथेच फसलात. मादीच्या पोटात शुक्राणू साठवायची पिशवी असते. एकदा मीलन झालं की त्या साठ्यावर ती पुढची अंडी फळवते. याच कुळातला बटाट्यावरचा कोलोरॅडो भुंगेरा घ्या. थंडीआधी जुळलेली मादी जमिनीत हिवाळा काढते आणि वसंतात नवा नर न भेटताही अंडी घालू शकते.

तो अंडी पानाखाली घालतो, तुमचा नाही. लाल भुंगेऱ्याची मादी वेलाच्या बुडाशी, आळ्यातल्या (वेलाभोवती पाण्यासाठी केलेल्या खळग्यातल्या) ओल्या मातीत घालते, तीही तीनशेपर्यंत. अळ्या मुळं खातात, मातीला टेकलेलं फळही पोखरतात. कोषही मातीतच. म्हणजे तुम्ही वर वेचताय आणि खाली पुढची पिढी तयार होतेय.

खुरपं: दिसेल तो पाडा, नर-मादी बघत बसू नका. आळी हलक्या हाताने उकरून माती उन्हात उघडी पडू द्या, मुळं सांभाळून. फळांखाली काडी-पेंढा घाला. पीक निघालं की लगेच खोल नांगरट.

धागाकर्ता: आत्ताच दुधीचं एक आळं उकरलं. मुळाशी पिवळसर बारीक अळ्या, सात मोजल्या. उरलेली अकरा आळी उद्या सकाळी.