मदत हवी आहे : मराठी बिलाच्या पीडीएफमध्ये जोडाक्षरं तुटतात

नमस्कार मंडळी, शेंदुरजना घाटच्या एका संत्रा रोपवाटिकेसाठी बिलाचं सॉफ्टवेअर करतोय. पीएचपी भाषेत आहे, होस्टिंग साधं शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट्स), मेमरी १२८ एमबी. बिल मराठीतच हवं, कारण घेणारा शेतकरी ते व्हॉट्सअॅपवर वाचतो.

डॉमपीडीएफ हे पीडीएफ बनवणारं पीएचपीचं तयार साधन वापरलं. आधी नुसते चौकोन दिसत होते. नोटो सान्स देवनागरी फाँट जोडल्यावर अक्षरं आली, पण ‘रक्कम’चा क् पाय मोडून वेगळा उभा आणि ‘किलो’ची वेलांटी क च्या नंतर. म्हणजे अडचण फाँटची नाही, डॉमपीडीएफच जोडाक्षरं जुळवत नाही. टीसीपीडीएफ या तशाच दुसऱ्या साधनाचीही तीच गत.

ब्राउझरमधून प्रिंट काढली की सगळं झकास येतं. पण तेच काम आपोआप करायला सर्व्हरवर क्रोम चालवायची परवानगी नाही, आणि मृगाच्या गर्दीत मालक मोबाइलवर प्रिंट, सेव्ह, शेअर करत बसणार नाहीत (रास्तच आहे). बिलाचा फोटो करून पाठवणं मला पटत नाही, नंतर त्यातलं नाव शोधता येत नाही. वेगळा सर्व्हर घ्यायचं त्यांचं बजेट नाही.

आता एमपीडीएफ या तिसऱ्या साधनावर नजर आहे. त्यात ‘युज-ओटीएल’ (फाँटमधले अक्षरं जुळवायचे नियम वापरायची सेटिंग) चालू केलं की देवनागरी नीट जुळते असं त्याच्या माहितीपत्रकात आहे. पण ते मेमरी बरीच खातं म्हणतात.

कोणी ते शेअर्ड होस्टिंगवर मराठीसाठी खरंच चालवलंय का? कोणता फाँट घेतला, आणि ‘शेतकऱ्याचे नाव’ मधला ऱ्या बरोबर उमटतो का?