बँड सोडून एकटे गाणारे: तुमचे अनुभव सांगा

आंबटगोड:
परवा लेक मोबाईलवर रील बघत बसली होती. मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते आणि अचानक ‘डूबा डूबा’ कानावर आलं. सुरी हातात तशीच घेऊन बाहेर आले. म्हटलं, अगं, हे आमचं गाणं! तर म्हणे, "आई, हे रॉकस्टारवाल्या मोहित चौहानचं आहे." म्हटलं, बाई गं, हे सिल्क रूटचं आहे. "तो कोण?"

आता काय सांगणार? १९९८ साली सिल्क रूट बँडचा ‘बूँदें’ अल्बम आला. मोहित चौहान, अतुल मित्तल, केम त्रिवेदी, केनी पुरी असे चौघं. तो पाण्याखालचा व्हिडिओ टीव्हीवर लागला की आमच्या होस्टेलची आख्खी कॉमन रूम गप्प व्हायची. मोहित चौहान हे नाव तेव्हा निम्म्या मुलींना माहीतही नव्हतं. सिल्क रूट एवढंच माहीत.

रात्री दोन्ही ऐकलं, आधी ‘तुम से ही’ आणि मग हे. आवाज तोच. पण सिनेमातल्या गाण्यात तो संगीतकाराने दिलेली चाल गातो. गातो छानच, वादच नाही. बँडच्या गाण्यात मात्र तो मधेच थांबतो, बाजूला होतो, ते बासरीसारखं जे वाजतं त्याला पुढे येऊ देतो. आवाज चौघांपैकी एक आहे असं वाटतं. मला ते जास्त आवडतं. घरात कोणालाच पटलं नाही, म्हणून इथे आले.

तर बँडमधून बाहेर पडून एकट्याने गाणारे कोणीही, कुठल्याही देशातले चालतील. तुम्ही बँड जास्त ऐकता की नंतरचं? आणि का?

कडीपत्ता:
भेंडीचं काय झालं पुढे?

घाटमाथा:
बँड बँड काय करताय. त्यांच्या २००० च्या ‘पहचान’ अल्बममधली चार गाणी सांगा बघू पटकन. नाही ना आठवत? बँड विरत चालला होताच. मग ‘रोड’मध्ये एक गाणं, ‘मैं मेरी पत्नी और वो’त ‘गुंचा’, रहमानकडे ‘खून चला’ आणि २००७ ला ‘तुम से ही’. त्यानंतर ‘मसक्कली’ आणि ‘रॉकस्टार’ला फिल्मफेअर. नाहनसारख्या गावातला, भूगर्भशास्त्र शिकलेला, रीतसर गाणं न शिकलेला माणूस. सिनेमा नसता तर आज आपण "तो डूबा डूबावाला कोण होता रे" असं विचारत बसलो असतो.

आंबटगोड:
@घाटमाथा, मुद्दा बरोबर आहे पण मला राग आलाय. :)
@कडीपत्ता, करपली.

बेसूरबुवा:
आमच्या पिढीचा खरा वाद आतिफ अस्लम की जल बँड! ‘आदत’ होस्टेलवर कोणाच्या तरी सीडीवरून आलं. फाईलच्या नावात कधी जल लिहिलेलं, कधी आतिफ. दोघंही बरोबर होते, कारण गाणं झालं तेव्हा आतिफ जलमध्येच होता. मग फाटलं. २००४ ला त्याचा ‘जल परी’ आणि त्यांचा ‘आदत’, आणि दोन्ही अल्बममध्ये तेच गाणं! एकात आतिफ गातोय, दुसऱ्यात फरहान सईद. शाळेत मारामारी होते तशी खोल्याखोल्यांत भांडणं. माझा रूममेट जळगावचा, जलचा गिटारवाला गोहर मुमताज याचा कट्टर भक्त. म्हणायचा, गाण्याचा जीव गिटारमध्ये आहे, गळा कोणाचाही चालेल. नाही चालत! फरहान बरा गातो, पण आतिफ वरच्या पट्टीत गेला की आवाज जरा चिरतो ना, तिथे गाणं होतं. जलच्या रेकॉर्डिंगमध्ये फरहान ते चिरणं साफ करून गातोय असं वाटतं.

पुढे आतिफची गाणी असलेले ‘जहर’ आणि ‘कलयुग’ हे सिनेमे आले आणि भारतात तरी निकाल लागून गेला. फरहानही नंतर जल सोडून एकटा गायला लागला. म्हणजे गोहरने दोनदा गायक घालवले. माणूस चिवट आहे पण, मानलं.

मीनाची ताई:
बेसूरबुवा +१. "साफ करून गातोय" अगदी अगदी. माझ्या लग्नाच्या आधी नवऱ्याने मला ‘आदत’ पाठवलं होतं, फरहानवालं. तरीही केलं लग्न.

बेसूरबुवा:
हहपुवा (हसून हसून पुरे वाट). वहिनी, मोठं मन आहे तुमचं.

ठाणे वेस्ट:
पाकिस्तानचाच विषय आहे तर व्हायटल साइन्स. १९८७ चं ‘दिल दिल पाकिस्तान’. जुनैद जमशेद बँडमधून निघाला, १९९९ ला ‘उस राह पर’ आला आणि काही वर्षांत त्याने पॉप गाणंच सोडलं. धर्माकडे वळला, वाद्यांशिवाय नात, म्हणजे पैगंबरांची स्तुतिगीतं, गायचा. २०१६ च्या विमान अपघातात गेला. मला त्याच्या नंतरच्या गाण्यांतलं काही कळत नाही, पण एकदा सहज ऐकलं. मागे काहीच वाजत नसताना तो गळा किती स्थिर आहे हे तेव्हा कळलं. बँडमध्ये असताना कधी लक्षच गेलं नव्हतं.

बाकी त्या बँडमधून निघालेले बघा. सलमान अहमदने जुनून हा बँड काढला आणि कीबोर्डवाल्या रोहेल हयातने पुढे पाकिस्तानचा कोक स्टुडिओ. गायक गेला तर बाकीचे घरी बसतात असं काही नसतं.

निवांत:
ऑफिसातून लिहितेय, थोडक्यात. व्हिवा. २००२. चॅनेलने ऑडिशन घेऊन जमवलेला पाच मुलींचा बँड. मामेबहीण ऑडिशनला गेली होती, पहिल्याच फेरीत परत. आठवडाभर जेवली नाही नीट. आज नेहा भसीन आणि अनुष्का मनचंदा सोडून बाकी तिघींची नावं मला गूगल करावी लागली. मीटिंग आली, नंतर लिहिते.

सातारी कंदी:
पाचगणीचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणजे कमाल आहे. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आमच्याकडचा! झांझिबारला जन्मलेला फारुख बलसारा सेंट पीटर्समध्ये शिकला, तिथेच त्याचा शाळेतला बँड, द हेक्टिक्स. म्हणजे क्वीन हा त्याचा पहिला बँड नव्हेच. पहिला पाचगणीचा. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

पाऊसवेडा (लेस्टर):
सातारीकर, वाट बघत होतो कोणीतरी क्वीन काढेल याची.

धाग्याच्या प्रश्नाचं उत्तर फ्रेडीच्या बाबतीत कानांनी पडताळता येतं, तेही दोन गाण्यांत. १९८५ ला त्याचा एकट्याचा अल्बम आला, ‘मिस्टर बॅड गाय’. त्यात ‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही गाणी आहेत. फ्रेडी १९९१ मध्ये गेला. नंतर क्वीनमधल्या उरलेल्या तिघांनी त्याच गाण्यांतला त्याचा आवाज घेतला आणि भोवती आपली वाद्यं नव्याने वाजवली. तो क्वीनचा १९९५ चा अल्बम. म्हणजे गळा एकच, गायलेलं एकदाच, मागची माणसं मात्र वेगळी.

हेडफोन लावून एकापाठोपाठ एक ऐका. आधीच्यात मागे सिंथेसायझर आहेत आणि तो त्यांच्यावर मजेत तरंगतोय. नंतरच्यात ब्रायन मेची गिटार आली की तोच आवाज दुप्पट मोठा वाटायला लागतो. फ्रेडीने काहीच वेगळं केलेलं नाही, करणार कुठून! माझं मत त्या दिवसापासून पक्कं आहे: बँड. आणि त्याच १९८५ च्या जुलैत वेम्बलीला लाइव्ह एड झालं. लोकांना आठवतो तो फ्रेडी तिथला, ‘मिस्टर बॅड गाय’चा नव्हे.

अपवाद एकच, ‘बार्सिलोना’. मॉन्सेरात काबायेसारख्या ऑपेरा गायिकेबरोबर गायला तो. तिथे क्वीन असते तर गर्दी झाली असती.

आंबटगोड:
पाऊसवेडा, आत्ताच ऐकलं दोन्ही. अंगावर काटा. लेकीलाही ऐकवलं, ती म्हणाली पहिलं बरंय. घ्या.

मांडवीकर:
आमच्या रेमो फर्नांडिसला विसरलात? जे. जे.त आर्किटेक्चर शिकताना तो मुंबईत द सॅव्हेजेस बँडमध्ये होता. मग गोव्यात परतला आणि शिवोलीच्या घरात बसून ‘गोअन क्रेझी’ केला, १९८४. वाद्यं वाजवणारा तोच, गाणारा तोच, रेकॉर्ड करणारा तोच. स्कूटरवर कॅसेटी घालून दुकानादुकानांत पोचवणाराही तोच. काका सांगायचे की दुकानात रेमो स्वतः उभा असायचा आणि लोक त्यालाच विचारायचे, ही कोणाची कॅसेट?

सॅव्हेजेसचं मी काही ऐकलेलं नाही, त्यामुळे तुलना करत नाही. पण रेमो बँडमध्ये राहिला असता तर गोव्याच्या राजकारणावर, पर्यटकांवर इतकं खवचट लिहिलं असतं का? चार जणांची संमती घेऊन खवचट लिहिता येत नाही हो.

कडीपत्ता:
शेवटचं वाक्य आमच्या सोसायटीच्या सूचना फलकावर लावते.

ओसरी:
हरिहरन चालेल का? कलोनियल कझिन्स, १९९६, लेस्ली लुईसबरोबर. तो आधीपासूनच गझला गात होता, त्यामुळे बँड सोडला वगैरे नाही म्हणता येणार. पण मी कलोनियल कझिन्समुळे त्याच्याकडे गेलो आणि मग ‘जोगवा’तलं ‘जीव दंगला’ ऐकून आडवा झालो. अजय-अतुलचं संगीत, श्रेया घोषाल बरोबर, राष्ट्रीय पुरस्कार. मराठी उच्चारही किती नीट.

घाटमाथा:
ओसरी, तो बँड नव्हे, जोडी आहे. अवांतर आहे हे.

ओसरी:
दोघांचा बँड नसतो हे कुठल्या घटनेत लिहिलंय?

घाटमाथा:
मग अजय-अतुलही बँड. शंकर-जयकिशनही बँड.

मीनाची ताई:
झालं सुरू. मी चहा ठेवते.

रिकामा स्टँड:
मोठ्या नावांमध्ये आमचं बारकं सांगतो. इंजिनियरिंगला बँड होता, सांगलीत. फिरोदिया करंडक स्पर्धेला पुण्यात येऊन काही मिळवलं नाही पण प्रवास जोरात झाला. मी ड्रम्स. गायक आमच्यात एकटाच खरा गुणी, बाकी आम्ही हौशी. कॉलेज संपल्यावर तो म्हणाला, मला एकट्याने कार्यक्रम मिळतायत, जातो. राग आला होता, खोटं कशाला बोलू. गिटारवाल्याने गायचा प्रयत्न केला. गॅदरिंगमध्ये तिसऱ्या गाण्याला लोक वडापाव आणायला गेले, आमचा बासवाला पण गेला.

आता तो लग्नांत, संगीतात गातो, ट्रॅक लावून. उत्तम चाललंय त्याचं, गाडी घेतली. मागच्या वर्षी भाचीच्या लग्नात तोच होता. आम्ही वाजवायचो त्यातलं एक गाणं त्याने घेतलं. आमचा बासवाला त्या गाण्यात अंतऱ्याला कायम उशिरा यायचा, म्हणून गायक तिथे किंचित थांबायचा, त्याला सांभाळून घ्यायला. आता बासवाला नाही, ट्रॅक वेळेवर येतो, तरी हा पठ्ठ्या तिथे थांबला! आणि मग ट्रॅकला गाठायला पुढची ओळ पळवली. मंडपात मला एकट्यालाच हसू आलं. नंतर जेवताना त्याला सांगितलं तर मान्यच करेना.

गाणं आता जास्त चांगलं गातो तो. तयारी आहे, दम आहे. पण मी तुलना करायला लायक माणूस नाही, मी त्या अंतऱ्यातच अडकतो.

आंबटगोड:
रिकामा स्टँड, हेच! सिल्क रूटमध्ये तो मधेच थांबतो म्हणाले ते हेच असेल. कोणासाठी थांबत असेल देव जाणे.

बेसूरबुवा:
बासवाला सध्या काय करतो?

रिकामा स्टँड:
बँकेत आहे. अजून उशिरा जातो.

निवांत:
मीटिंग संपली. तर व्हिवाचं. नेहा भसीनचं ‘फॅशन’मधलं ‘कुछ खास’ आणि नंतरचं ‘धुनकी’ ऐकलं तेव्हा वाटलं, पाच जणींत वाटून एकेक ओळ गाताना हा आवाज कळणारच कसा होता? ‘जागो जरा’ अजून तोंडपाठ आहे, पण त्यात कुठली ओळ कोणाची ते मला तेव्हाही कळायचं नाही. इथे मी एकटं गाण्याच्या बाजूने. चॅनेलने निवडून जमवलेल्या पाच जणी आणि मित्रमित्रांनी जमवलेला बँड यांत फरक आहेच की. मामेबहीण आता भजनी मंडळात आहे आणि तिथे भांडून एकट्याने गाते.

सातारी कंदी:
मामेबहिणीला शुभेच्छा. पाचगणीला या, खोली बघून देतो. शाळेच्या गेटपर्यंतच जाता येतं पण लोक फोटो काढतात.

आंबटगोड:
‘बूँदें’ची कॅसेट माळ्यावर सापडली!! प्लेअर आहे पण आतला बेल्ट गेलाय. पुण्यात कुठे मिळेल?

ठाणे वेस्ट:
तपकीर गल्लीत विचारा. जुना प्लेअर बरोबर न्या, मापाचा लागतो.

कडीपत्ता:
मिळाला तर दोन घ्या, मलाही हवाय. आणि भेंडी मंद आचेवर करत जा.